मागून म्हणणारी

१६ डिसेंबर १९९४, रोहा

काल गावाहून परत आले. आईचं दिवसकार्य आटोपलं. इतके दिवस घरात माणसांचा राबता होता. मी सारा वेळ चुलीपाशी काढला. चहाची भांडी घासायला कुणी नको म्हणत नाही आणि भांडी घासणाऱ्या बाईशी कुणी फार बोलतही नाही.

इथे आल्यावर दार लावून घेतलं. हे दुसऱ्या पाळीला कंपनीत गेले होते. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे आवाज असा नव्हताच. तेव्हा कुठे रडू आलं. बारा दिवसांत आलं नव्हतं.

मी कारकून आहे त्या शाळेच्या ऑफिसात नव्या वर्षाच्या डायऱ्या येतात, पण मागच्या वर्षीची एक कोरी पडून होती. तीच घेतली. तारखा खोडून घालते आहे. कुणाजवळ बोलून मन हलकं करण्याची मला सवय नाही.

आई धवलारीण होती. रोह्याच्या शाळेत हे सांगितलं तर विचारतात, म्हणजे काय? आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं असतं, धवळा. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. ती पुढे म्हणते, तिची जोडीदारीण मागून तीच ओळ उचलते. देवांना, गावाला, घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं आवतण धवलारणीनेच द्यायचं. ते दिल्याशिवाय हळद लागत नाही. वडखळपासून पेणपर्यंत खाडीकाठच्या किती घरांत आईने हळदी लावल्या याला मोजदाद नाही. इंदुबाई म्हटलं की झालं.

बाराव्याला बायका म्हणत होत्या, "आय अशी मांडव गाजवनारी, आन् ही पारी बघ, तोंडात जीभ हाय का नाय कलत नाय."

मला ऐकू येत होतं. मी भांडी घासत होते.

३० डिसेंबर

शाळेचं स्नेहसंमेलन झालं. मुख्याध्यापकांनी बक्षिसांची नावं वाचायला सांगितलं होतं. फक्त नावं. मी म्हटलं, आईला जाऊन महिना झाला नाही. ते लगेच "अहो, माझ्या लक्षातच आलं नाही" म्हणाले आणि त्यांनी ते काम पाटीलबाईंना दिलं.

सुतक केव्हाच संपलं होतं. आईचं मरण पुढे करून मी सुटले. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते.

तसं पाहिलं तर मला गर्दी आवडत नाही, हे खरंच आहे. रेकॉर्डच्या खोलीत जुनी दाखलापुस्तकं लावत बसले की दिवस कसा जातो समजत नाही. देवाने एकेकाला एकेक स्वभाव दिलेला असतो.

१५ जानेवारी १९९५

मोतीराम आला होता, रोशनीला घेऊन. मोतीराम माझा थोरला भाऊ, रोशनी त्याची मुलगी. तिचं लग्न ठरलं. मुलगा पेणला रामवाडीचा आहे. आई गेल्यामुळे वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सात मे धरली आहे.

मोतीराम म्हणाला, "धवलारीण नाय आता. रंभामावशीला एकटीला नाय झेपत. मी कॅसेट लावनार. वडखळच्या दुकानात मिलते, चांगली हाय, मागं बेंजो पन हाय."

रोशनी म्हणाली, "बाबा, बेंजोला कोन देव येनार? आत्याला सगले धवले येतात. आजी हलद दलताना ही बाजूला असायची."

मोतीराम हसायला लागला. "ही? ही कंडक्टरकडं उरलेले पैसे मागाला लाजते, पैसे सोडून गाडीतनं उतरते."

हेसुद्धा हसले. मीही हसले. मग मी म्हटलं, "मला नाही जमणार."

रोशनी उठली. जाताना चप्पल घालता घालता म्हणाली, "आत्या, आजीचा आवाज तुझ्याच गल्यात हाय. मी न्हानीबाहेर उभं राहून ऐकलाय."

१७ जानेवारी

दोन दिवस तेच डोक्यात आहे. मला येतं. सगळं येतं. पण ते तपासून बघायलाही मार्ग नाही, कारण आईचा नियम होता की लग्न नसताना धवळा म्हणायचा नाही. देव आवतण ऐकून येतात आणि मांडव दिसला नाही की रागावतात. न्हाणीत मी नुसती चाल गुणगुणते, शब्द नाहीत.

म्हणजे पुढे बसून म्हणायचं तर पहिल्यांदाच भर मांडवात, सगळ्यांसमोर.

लग्नघरची हळद दळताना आई धवळा म्हणायची, मी मागून; जात्याशी आम्ही दोघीच असायचो. आई माझ्याकडे बघायची नाही आणि मी तिच्याकडे. तेव्हा मला कधी भीती वाटली नाही.

५ फेब्रुवारी

गावी जाऊन रंभामावशीला भेटले. तीस वर्षं ती आईची जोडीदारीण होती, मागून म्हणणारी. तोंडात दात नाहीत, पण जीभ एकीला दोन. मी ओटीवर पाय ठेवला तशी म्हणाली, "ये गो मुके. आज कं सूर्य रोह्यावरनं उगवला?"

मी सांगितलं. म्हटलं, मावशी, तूच पुढे म्हण. तुला कुणाची भीड नाही. अख्ख्या गावाला नावं ठेवतेस.

ती मिश्री लावत होती. हात थांबला. म्हणाली, "मना कोनाची भीड नाय, व्हय. पारावर बसव, चार घंटे बोलतंय. पन पुढची बाई म्हनून पाटावर बसली ना, का माझी जीभ टालूला चिकटते. येकदा तुझे आयला ताप होता. मना पुढं बसवली. मना नवऱ्या पोराच्या बापाचा नाव नाय आठवला. आपलाच दीर तो!" आणि स्वतःच पोट धरून हसली.

मी विचारलं, "आणि आई?"

"तुझी आय? तिला बोलाचाच कंटाला. लगीन आटपला का दोन दिस माझ्याशी पन बोलाची नाय. भिंतीकडं तोंड करून पडाची. मी बोलाची, कं गो, रागवलीस? तर बोलाची, रागवली नाय रंभे, मानसं जास्त झाली. तुझ्यावानीच होती ती. फक्त तिला भ्या नव्हता."

मी परत विचारलं, माझ्यासारखी म्हणजे कशी? तर म्हणाली, "घुमी."

एसटीत वाटभर हेच डोक्यात. आई दमून पडते असं मी समजत होते. मी तिच्या उलट आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं आणि मी मानलं.

१९ तारखेला वडखळच्या पुढे एक लग्न आहे. मावशी म्हणते, तू पुढे बस, मी मागे. मी हो म्हणून आले. कसं म्हणाले कोण जाणे.

२० फेब्रुवारी

नाही जमलं.

पाटावर बसले. समोर नवरा मुलगा, त्याची आई, बायकांचा गराडा. कुणीतरी म्हणालं, "इंदुबाईची लेक." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. छाती अशी उडायला लागली की पदर हलताना दिसत असेल असं वाटलं. तोंड उघडलं आणि आवाजच नाही. मावशीने दोन-तीन विनोद करून वेळ मारून नेली आणि मागचीच असून पुढची ओळ सुरू केली. हळदीच्या आधी तेलाचं म्हणाली, सगळा क्रम उलटा. पण निभावलं.

मी उठून मांडवामागे गेले. तिथे लसणाचा ढीग होता, सोलत बसले. कुणी बघत नव्हतं.

आज एक गोष्ट मनात आली ती लिहून ठेवते. रेकॉर्डच्या खोलीत मी एकटी असते तेव्हा श्वास पोटापर्यंत जातो. काल लसणापाशीही मी एकटीच होते, पण श्वास गळ्यातच अडकला होता, आणि कान मांडवाकडे. मला तिथे असायचं होतं. मी तिथून आवडीने उठले नव्हते.

म्हणजे मी ज्याला स्वभाव म्हणते त्यातलं थोडं स्वभाव असेल. बाकीचं दुसरंच काही आहे. ते स्वभावाच्या आड लपून बसतं.

मावशीला म्हटलं होतं, पुन्हा मला बोलावू नको. आज पोस्टकार्ड टाकलं की पुढचं लग्न कधी आहे ते कळव.

१३ मार्च

काय झालं ते नीट लिहायला हवं, नाहीतर लोक सांगतील तेच मलाही खरं वाटायला लागेल.

काल खाडीकाठच्याच एका गावात हळद होती. मावशीने बजावलं होतं की आदल्या दिवशी जा, घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बस आणि गेलेल्या माणसांची नावं विचारून घे. तुझी आय नेहमी जायची. मी आदल्या दिवशी गेलेही होते. अंगणात सात-आठ पुरुष बसले होते, बायका आत. मी पाण्याचा तांब्या घेतला, बसले, पण विचारायचं धाडस झालं नाही. ओटीच्या भिंतीवर फोटो होते. हार घातलेले चार फोटो, खाली नावं रंगवलेली. ती पाठ केली आणि आले. मला वाटलं, सुटले.

काल पाटावर बसले. पुन्हा छातीत धडधड. पण मी ठरवलं होतं की छाती उडायची तर उडू दे, ती काही गात नाही, गातो गळा. पहिली ओळ बारीक निघाली. मावशीने ती मागून उचलली तेव्हा जरा धीर आला. गणपती, गावदेवी, वेस, खाडी सगळ्यांना आवतण दिलं. बायका डोलायला लागल्या. मी डोळे मिटले होते. मग घरातल्या गेलेल्यांना सरगीतून, म्हणजे स्वर्गातून, बोलवायला सुरुवात केली. पहिलं नाव, दुसरं नाव, आणि तिसरं:

"सरगीच्या वाटेनं या हो बाबाजी,
नातवाच्या हलदीला या"

मावशीने ओळ उचलली नाही. मी डोळे उघडले.

खांबापाशी खुर्चीवर बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. "ओ बाय! मना वरती कं धाडतंस? माझी पंगत बाकी हाय अजून!"

तेच बाबाजी. नवऱ्या मुलाचे आजोबा. फोटोला हार होता तो गेल्या साली काशीहून आले तेव्हा त्यांच्या गळ्यात घातलेला, कुणीतरी फोटोला अडकवून ठेवला होता.

सारा मांडव हसत सुटला. मावशी तर हसून हसून आडवी झाली. बाबाजींची म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, "झाला! जिवंतपनी आवतन गेला, आता याला धा वर्सं मरान नाय. माझे नशिबी परत तंबाकू मलाचा!"

मला ज्याची भीती जन्मभर वाटत आली ते हेच होतं. सगळ्यांसमोर चूक आणि सगळ्यांचं हसणं. ते झालं. मी पाटावरच होते. जमीन फाटली नाही. नवरा मुलगा हळदीचं बोट वर धरून बसलेल्या आपल्या आईकडे बघत होता. गाणं अडल्यामुळे हळद अडली होती. ती मीच पुढे न्यायची होती, दुसरं कुणी नव्हतं.

मी पुढची ओळ म्हटली. आईने शिकवलेली नव्हती, तिथेच सुचली.

"बाबाजी बसले मांडवात गो,
सरगीची वाट मोडा,
त्यांना इथंच पानाचा विडा"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने हसत हसतच ओळ उचलली. म्हाताऱ्याला खरंच विडा दिला कुणीतरी. त्याने तो मला काठीने सलाम करून खाल्ला.

घरी येऊन अंथरुणावर पडले ती आज सकाळी उठले. शाळेत रजा टाकली. बोलायला नको वाटतंय, पण वाईट वाटत नाही. आईसारखी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

१९ मार्च

मोतीराम आला, बसला नाही. "वडखळच्या स्टँडवर लोक इचारतात, मोतीरामच्या भैनीनं जिवंत मानसाला सरगीत आवतन दिला म्हनं. रामवाडीवाल्यांच्या कानावर गेलाय. पारी, माझे पोरीचं लगीन हाय. मी कॅसेट आनली."

मी म्हटलं, "मी म्हणणार आहे."

"आन् परत कोनाला मारलंस तर?"

"या वेळी विचारून घेईन."

"अगो, तू इचारनार? कोनाला?"

"घरोघर जाऊन. तुझ्याही, त्यांच्याही."

तो दारापर्यंत जाऊन फिरला. मग म्हणाला, कॅसेट तर लावणारच. मी म्हटलं, लाव. मी तिच्यावरून म्हणेन. माझा आवाज मोठा आहे.

एवढं सलग मी त्याच्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. तो गेल्यावर दाराला कडी लावली. यांनी चहा करून दिला आणि काही विचारलं नाही. त्यासाठीच मला हे आवडतात.

९ एप्रिल

गावात भावकीची घरं फिरले. प्रत्येक दारात तेच होतं, पायरीवर पाय ठेवायच्या आधी तोंड कोरडं. पण एकदा आत बसलं आणि विचारलं, "तुमच्या घरातलं कोण कोण बोलवू?" की मला काही बोलावंच लागत नाही. तेच बोलतात. मी ऐकते. ऐकायला मला आवडतं, हे मला ठाऊकच नव्हतं. भावकीतल्या शांतीवहिनीची जाऊ तासभर आपल्या सासूबद्दल बोलली. मी मान हलवत होते. निघताना म्हणाली, "तू येत जा गो, बोलायला बरं वाटतं तुझ्याशी." मी चार शब्द बोलले असेन.

२२ एप्रिल, रामवाडी

नवऱ्या मुलाच्या घरी गेले होते. काल आले होते तेव्हा फाटकापासूनच परतले. बाहेर स्कूटर, आत टीव्हीचा आवाज. पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी उभी होती, चढलेसुद्धा. आज पुन्हा आले आणि कडी वाजवली.

मुलाची आई म्हणाली, "अहो, आमच्याकडे भटजी सांगितलेत. व्हिडिओवाला पण आहे. ते धवळे वगैरे किती वेळ चालतील?" मी म्हटलं, भटजींच्या आधी संपवते. मग तिने विचारलं, "तुम्हीच ना त्या, बाबाजींच्या?" मी म्हटलं, "हो, मीच." ती हसली. मीही हसले. एवढंच.

आतल्या खोलीत मुलाची आजी खाटेवर होती. तिने नावं सांगितली. शेवटी दाराकडे बघून हळूच म्हणाली, "येक नाव हाय. घेशील? माझा कृष्णा. तीन वर्सांचा होता. त्याला कोन मोजत नाय." मी म्हटलं, घेईन. तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

६ मे, सकाळ, गावी

आज हळद. छाती आत्तापासून उडते आहे. मोतीरामने दोन मोठे भोंगे बांधलेत. भीती जायची वाट बघत बसले तर लग्न होऊन जाईल. तिला बरोबर घेऊनच जाते.

८ मे, रोहा

परवा हळदीच्या मांडवात दोन्हीकडची माणसं होती. व्हिडिओवाल्याने दिवा लावला तो सरळ माझ्या तोंडावर. मला काहीच दिसेना. मी त्याला म्हटलं, "दादा, नवरीवर धरा. लग्न तिचं आहे." बायका हसल्या आणि त्याने फिरवला.

कॅसेट सुरू होती. बेंजो चालला होता. मी पाटावर बसले, मावशी शेजारी. मी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला मोतीरामने भोंगा बंद केला. त्याला कुणी सांगितलं नाही.

देव झाले, वेस झाली, खाडी झाली. रामवाडीच्या घरातली नावं झाली. कृष्णाचं घेतलं तेव्हा त्याची आई, नवऱ्या मुलाची आजी, जिला चालता येत नाही म्हणून खुर्चीवर उचलून आणलं होतं, ती पदर तोंडात धरून हुंदका गिळत होती. मग आमच्या घरातले. आजा, आजी, बाबा.

पुढचं नाव माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच सांगते. घरोघर विचारत फिरले, आमच्या घरात विचारायचं काय म्हणून विचारलं नाही. बाबांचं नाव म्हटलं आणि त्याच्या पुढे जागा मोकळी दिसली. आईचं नाव मी जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आईला कुणी नावाने हाक मारतं?

"सरगीच्या वाटेनं या हो इंदुबाई,
नातीच्या हलदीला या"

मावशीने ओळ उचलायची होती. तिचा आवाजच निघाला नाही. तीस वर्षं जिच्या मागून म्हटलं तिलाच बोलवायचं होतं. ती नुसती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. रोशनी पाटावर रडत होती. मोतीराम खांबाला टेकला होता. खाडीवरचे पक्षी ऐकू आले.

मागून कुणी नव्हतं. तेव्हा मागची ओळही मीच म्हटली. पहिल्यापेक्षा मोठ्याने, डोळे उघडे ठेवून, सगळ्यांकडे बघत. मग पुढची. मग रोशनीला हळद लागली.

काल पाठवणीनंतर रामवाडीकडची एक बाई आली. बावीस तारखेला तिच्या पुतणीचं लग्न आहे. म्हणाली, "याल का? आणि आदल्या दिवशीच या राहायला, रात्री गप्पा मारू, सगळ्या बायका आहोत."

मी म्हटलं, "येईन. आदल्या दिवशी दुपारी येऊन नावं विचारून जाईन. पण राहणार नाही, आणि हळद झाली की मला लगेच रोह्याच्या गाडीवर सोडा. पंगतीला थांबणार नाही."

"का हो? बरं नाही का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "मला एकटीला जेवायला आवडतं."

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, बरं, डबा बांधून देऊ.